एका नावाच्या दोन ओळी

"शिपुगडे, सरळ सांगा. मेल कुणामुळं परत यायलेत? त्याच्यामुळंच न्हवं?"

"अण्णा, मी आत्ता दारातनं आत आलोय. पाणी तरी पिऊ दे."

अण्णांनी तांब्या पुढं सरकवला, पण नजर खिडकीवरच ठेवली. खिडकीतून दिसत होती एक भिंत. वर्षभरापूर्वी उठवलेली, अजून गिलावा न केलेली, विटांच्या फटीतून सिमेंट ओघळलेली. भिंतीपलीकडं त्यांचा सख्खा धाकटा भाऊ शीतल मगदूम बसायचा, आणि 'त्याच्यामुळं' म्हणजे शीतलमुळं. वाटणी झाल्यापासून अण्णांनी भावाचं नाव घेणं सोडलं होतं.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. मी तेव्हा शिरोली एमआयडीसीत छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर बघायचो. लोकांना वाटतं, ह्या धंद्यात यंत्रांशी गाठ असते. कसली यंत्रं! यंत्रं बिचारी गरीब असतात. निम्मा दिवस माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात जातो. त्या डिसेंबरात तर मी इतका कंटाळलो होतो की सगळं सोडून ऊस लावावा असं वाटायचं. ऊस निदान 'मेल का जात नाही' असं विचारत नाही.

"परत आलेले दाखवा," मी म्हणालो.

अण्णांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. परत आलेला प्रत्येक मेल त्यांनी छापून ठेवला होता. भावाविरुद्ध पुरावा म्हणून! सगळ्यांवर एकच इंग्रजी मजकूर होता, आणि त्याचा अर्थ एवढाच की पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही, म्हणून टपाल नाकारलं.

"ओळख पटली न्हाई?" अण्णा भडकले. "आप्पांच्या काळापासनं माल घेतात ते आपल्याकडनं. आणि आता ओळख पटंना व्हय?"

मगदूमांचा धंदा थोडक्यात सांगायला हवा. आप्पांनी, म्हणजे दोघांच्या वडिलांनी, भट्टी घातली. त्यात लोखंड वितळवून पंपाचे सांगाडे ओतायचे. थोरला भरतेश, म्हणजे अण्णा, भट्टीवर. धाकट्या शीतलनं शेजारी मशिनशॉप उभं केलं. भट्टीतनं निघालेला खडबडीत सांगाडा तिथं कापून, घासून, मापात आणायचा. मग सांगाड्यावर 'मगदूम' हे नाव उठवायचं आणि तो जर्मनीला जायचा. आप्पा गेले, भावांचं बिनसलं, वाटणी झाली. भट्टी थोरल्याकडं, मशिनं धाकट्याकडं. पण माल एकच, गिऱ्हाईक एकच आणि नाव एकच. सांगाडा आजही भिंतीतल्या एका खिंडीतून ट्रॉलीवरनं इकडून तिकडं जायचा. ट्रॉलीला परवानगी होती, माणसांना नव्हती.

आणि त्या जर्मन गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्यातल्या बाईंचा निरोप आला होता. त्यांचं नाव केलर, आमच्याकडं सगळे केलरबाई म्हणत. पुढच्या वर्षाची ऑर्डर हवी असेल तर भट्टीचा धातूतपासणीचा दाखला आणि मशिनशॉपचा मापांचा दाखला, दोन्ही शुक्रवारपर्यंत कंपनीच्या मेलवरून यायला हवेत. अण्णांनी मेव्हण्याच्या जीमेलवरून पाठवून बघितला, तर 'अनोळखी पत्त्यावरून आलेले कागद आम्ही स्वीकारत नाही' असं उत्तर आलं. आजकाल फसवणूक किती चालते, त्यांचंही काय चुकलं? फोनवर सांगितलेलंही त्यांना चालत नव्हतं.

"ही ऑर्डर गेली तर काय हुईल, ठाऊक आहे का?" अण्णा खिडकीतून न वळता म्हणाले. "त्याचं काय बिघडत न्हाई. त्याच्या मशिनला शंभर गिऱ्हाइकं. माझी भट्टी मात्र ह्या एका ऑर्डरीवर पेटते. आप्पांची भट्टी थंड हुईल, शिपुगडे."

मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या डोमेनच्या नोंदी काढल्या. डोमेन म्हणजे मेलच्या पत्त्यात @ ह्या खुणेनंतर येतं ते कंपनीचं नाव. नोंदी बघितल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अण्णा, हे दोन ओळींचं कुणी केलं?"

"कसल्या ओळी?"

"बघा. तुमच्या कारखान्याच्या नावानं टपाल घेऊन कोण येऊ शकतं, ह्याची यादी फाटकावर लावायची असते. पलीकडच्या कंपनीचा वॉचमन ती यादी वाचतो. टपाल आणणारा यादीत असला तर आत सोडतो. बरोबर?"

"बरं."

"ती यादी एकाच ओळीची असते. एका नावाला एकच ओळ. तुमच्या फाटकावर दोन लावल्यात. एका ओळीत तुमची मेल कंपनी, दुसरीत शीतलसाहेबांची. वॉचमन म्हणतो, ह्यातली खरी कुठली? आणि दोन्ही फाडून टाकतो. तुमचंही टपाल परत, त्यांचंही परत."

अण्णांच्या तोंडावर क्षणभर समाधान पसरलं. "म्हणजे त्याचंबी परत जायलंय?"

भले शाब्बास! स्वतःची भट्टी विझायला आली, पण भावाचंही टपाल परत जातंय म्हणून माणूस खूश. बोलून उपयोग नसतो, हे मी ह्या धंद्यात पहिल्यांदा शिकलो.

"दुसरी ओळ काढून टाका," अण्णा म्हणाले.

"काढायची नाही. दोघांची नावं एका ओळीत घालायची. पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई जमायचं."

"का?"

"नेमूमामांनी ठरवून दिलंय. त्याची येगळी, माझी येगळी."

नेमूमामा म्हणजे दोघांचे मामा, वाटणीत बसलेले पंच. मोठा न्यायी माणूस. भावाभावांत तसूभर इकडं-तिकडं होऊ नये म्हणून त्यांनी सगळं दोन-दोन करून दिलं होतं. दोन फाटकं, दोन वीजमीटर, दोन वॉचमन, दोन बोअर. आवारातला कडुलिंब नेमका मधोमध येत होता, तो त्यांनी तोडायलाच लावला. आणि शीतलनं जेव्हा तक्रार केली की माझे मेल परत येतात, तेव्हा मामांनी चौकशी केली. थोरल्याची ओळ आहे, धाकट्याची नाही, असं त्यांना कळलं. झालं! मामांनी निकाल दिला, धाकट्यालाही स्वतंत्र ओळ द्या. मी जायच्या पंधरवडाभर आधी कुणा पोरानं मुकाट्यानं दुसरी ओळ घातली, आणि तोवर निदान थोरल्याचे मेल जात होते तेही बंद पडले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आणखीही एक गोष्ट मला दिसली होती. यादीच्या खाली एक कडक नियमाची नोंद होती. 'यादीत जो बसणार नाही, त्याचं टपाल सरळ माघारी पाठवा.' असा नियम वाईट नसतो. पण आधी सगळे आपले लोक यादीत आहेत ना, हे महिनोन् महिने तपासतात, मग हळूहळू कडक करतात. इथं तो पहिल्या दिवसापासून कडक होता. मऊ असता तर शीतलचे मेल निदान संशयित टपालाच्या ढिगात तरी पडले असते.

"हा नियम कुणी घालायला लावला?"

"कुणाला ठाऊक," अण्णा म्हणाले. "आधीचं पोरगं होतं एक. त्यानं घातला असंल."

मी शीतलकडं निघालो. खिंडीतून वीस पावलांवर त्याचं ऑफिस, पण वाटणीच्या अटी! मी फाटकातून बाहेर पडलो, उसाच्या ट्रॅक्टरांमागून हमरस्त्यानं वळसा घातला आणि दुसऱ्या फाटकातून आत शिरलो. दुसऱ्या वॉचमननं पुन्हा माझं नाव लिहून घेतलं.

शीतल मशिनशॉपच्या कोपऱ्यात एका सांगाड्याचं माप घेत उभा होता. हा माणूस कमी बोलायचा. चष्मा कपाळावर, हाताला ऑइल.

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं माप घेणं न थांबवता ऐकून घेतलं.

"एका ओळीत दोघं?" शेवटी तो म्हणाला.

"होय."

"अण्णा तयार हाय?"

"ते म्हणतात मामांचा निकाल आहे."

"मग मामांना आणा."

"शीतलसाहेब, आज गुरुवार आहे. उद्या मुदत संपते. तुम्ही दोघं सख्खे भाऊ. त्या खिंडीपाशी या, दोन मिनिटं बोला, विषय संपला."

त्यानं सांगाडा उलटा केला आणि दुसरीकडून माप घ्यायला लागला. "मामांना आणा," एवढंच पुन्हा म्हणाला.

मी नेमूमामांना फोन लावला. ते जयसिंगपूरला पेढीवर बसले होते.

"शिपुगडे, मी न्याय केलाय," मामा म्हणाले. "दोघांना समान. आता तुम्ही म्हणता एकच ओळ. ती कुणाच्या नावावर?"

"नावावर नसते हो मामा! शेत आहे काय ते?"

"मग ती पुसायचा अधिकार कुणाला?"

खरं तर प्रश्न बरोबर होता. दोघांकडंही पासवर्ड होता. आज मी ओळ एक केली आणि उद्या एकानं दुसऱ्याचं नाव पुसलं, तर पुन्हा तेच. शेतात बांध कोरतात तसं.

"तुम्ही या," मी म्हणालो. "तुमच्यासमोर करतो."

मामा दुपारी आले. आता बसायचं कुठं? अण्णांच्या ऑफिसात शीतल येणार नाही, शीतलच्या ऑफिसात अण्णा जाणार नाहीत. मामांनी विचार करून खिंड ठरवली. खिंडीत ट्रॉली उभी होती, तिच्यावर तीन सांगाडे. मी वरच्या सांगाड्यावर लॅपटॉप ठेवला. भिंतीच्या अलीकडं अण्णा, पलीकडं शीतल, मामा मध्ये खुर्ची टाकून. मी आपला ट्रॉलीला टेकून उभा. लग्नात अंतरपाट धरतात तसा प्रकार.

"करा," मामा म्हणाले.

मी दोन्ही ओळी पुसल्या. नवी एक लिहायला घेतली.

"पहिलं नाव कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"काही फरक पडत नाही, अण्णा."

"पडत न्हाई तर माझं घाला."

शीतलनं मामांकडं बघितलं. मामांनी दाढी खाजवली. "असं करू. सहा महिने थोरल्याचं पहिलं, सहा महिने धाकट्याचं."

इथं माझा तोल गेला. सकाळपासून मी उपाशी होतो, दोनदा हमरस्त्याचा वळसा मारला होता, आणि दुसऱ्या दोन कारखान्यांतून फोनवर फोन येत होते.

"मामा, एक मिनिट! तो जर्मनीतला वॉचमन आहे, त्याला तुमचा थोरला कोण नि धाकटा कोण हे कळत नाही, कळून घ्यायचंही नाही! त्याला एवढंच बघायचंय की ही दोन्ही माणसं एकाच घरची आहेत का. आहात का नाही, तेवढं सांगा. नसाल तर मी लॅपटॉप मिटतो."

पलीकडं लेथवरचा एक कामगारही काम थांबवून बघायला लागला.

"घाला हो, अण्णाचं घाला पहिलं," शीतल म्हणाला.

मी ओळ पुरी केली आणि मामांना वाचून दाखवली. मामांना त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली.

"आता दुसरं," मी म्हणालो. "खाली कडक नियम आहे. नव्या ओळीची खातरजमा होईपर्यंत तो मऊ करायला हवा. काही चुकलं असलं तरी मेल निदान माघारी यायचा नाही. हा नियम ज्यानं घालायला लावला त्याची हरकत नसली तर—"

"मी घातला," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. सकाळी हाच माणूस 'कुणाला ठाऊक' म्हणाला होता.

"वाटणी झाली त्या आठवड्यात घातला," अण्णा ट्रॉलीवरच्या सांगाड्याकडं बघत बोलत होते. "त्या पोराला म्हटलं, ह्याचा एक मेल जर्मनीला जाता कामा नये. आप्पांचं नाव वापरून ह्यानं गिऱ्हाईक पळवलं तर? मला झोप नव्हती. पोरगं म्हणालं, एक नियम हाय. म्हटलं, घाल. ह्याचं नाव ओळीत नव्हतंच. ह्याचे सगळे मेल परत जायला लागले. माझे जात होते." मग म्हणाले, "दुसरी ओळ आली नि माझाच नियम माझ्या बोडक्यावर बसला."

मामा खुर्चीतून उठले. "भरतेश! अरं, मी वर्षभर धाकट्याला म्हणतोय, तुझ्याच कॉम्प्युटरात दोष असंल—"

"मला ठाऊक होतं," शीतल म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"पहिला मेल परत आला तवाच एकाला विचारलं. त्यानं सांगितलं, तुमच्याच घरनं कुणीतरी दार लावलंय."

"मग काढला का न्हाईस?" अण्णा म्हणाले. "पासवर्ड तुझ्याकडंबी होता की!"

"होता."

"मग?"

शीतलनं कपाळावरचा चष्मा काढला. ऑइलच्या बोटांनी काचेवर डाग पडला, तो पुसायला गेला तर आणखी पसरला.

"मला बघायचं होतं," तो म्हणाला, "तू आपणहून काढतोस का."

मला वाटलं होतं अण्णा आता भडकतील. किंवा रडतील. तसलं काही झालं नाही. ते पुढं झाले, मला म्हणाले, "दाखवा कुठं हाय त्ये." मी जागा दाखवली. ह्या माणसानं आयुष्यात कधी माऊस धरला नव्हता, मेलसुद्धा कारकुनाकडून लिहून घ्यायचा. सांगाड्यावर माऊस धड चालेना, बाण इकडं-तिकडं पळायला लागला. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "हात लावू नका." एका बोटानं त्यांनी ते 'माघारी पाठवा'चं इंग्रजी अक्षरन् अक्षर खोडलं. मग मी सांगितलं तसं मऊ नियमाचं अक्षर दाबलं. कपाळावर घाम आला होता.

मला फार वाईट वाटलं. अण्णांचंही, शीतलचंही. आणि रागही आला, दोघांचाही. एकानं दार लावलं, दुसरा वर्षभर दाराबाहेर बसून राहिला, की बघू हा उघडतो का. आणि मधल्या मध्ये भट्टी विझायला आली. काय म्हणावं असल्या हट्टाला!

बदल सगळीकडं पोचायला थोडा वेळ लागतो. तासाभरानं मी दोन्ही बाजूंनी एकेक मेल स्वतःला पाठवून बघितला. दोन्ही ओळख पटून आले. मग अण्णांच्या कारकुनानं धातूचा दाखला पाठवला, शीतलनं मापांचा. एकही परत आला नाही. मामा जाताना म्हणाले, "न्याय झाला."

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा तिथंच होतो, अण्णांच्या ऑफिसात, मेल नीट जातायत का बघायला. केलरबाईंचं उत्तर आलं. दोघा भावांना मिळून एकच मेल होता. कारकून वाचत होता आणि अण्णांना मराठीत सांगत होता.

दाखले मिळाले, धन्यवाद. पण त्याआधी पंधरा दिवस उत्तर न आल्यानं धातूचे सांगाडे आम्ही दुसऱ्या एका पुरवठादाराकडून घ्यायचं ठरवलं आहे. तो करार तुमचे दाखले यायच्या आधीच झाला. मशिनिंग मात्र मगदूमांकडेच राहील. नवे सांगाडे तुमच्याकडे पाठवू. ते कापून, मापात आणून, नेहमीप्रमाणे नाव उठवून पाठवावेत. होकार आजच कळवावा.

म्हणजे भट्टी गेली. मशिनशॉप राहिलं.

अण्णांनी कारकुनाला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बरं झालं. त्याचं तरी चाललं." आणि लगेच मला, "शिपुगडे, पलीकडं जावा. त्याला म्हणावं, हो म्हण. उगं माझ्यासाठी थांबू नको म्हणावं. वेड्यासारखं करंल तो."

मी पुन्हा वळसा मारला. पुन्हा वॉचमन, पुन्हा नाव.

शीतल टेबलाशी बसून टाइप करत होता. हळूहळू, एकेक अक्षर शोधत.

"अण्णांनी सांगितलंय, हो म्हणा," मी दारातूनच म्हणालो.

"बसा. इंग्रजी तेवढं बघा."

मी स्क्रीनवर वाचलं. चारच वाक्यं होती. त्यातलं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. मगदूम हे नाव आमच्याच भट्टीतल्या लोखंडावर उठतं. दुसऱ्याच्या लोखंडावर आम्ही ते उठवणार नाही. सांगाडा माझ्या भावाचा असेल तर मशिनिंग माझं. नसेल तर माफ करा.

"शीतलसाहेब, थांबा जरा." मी खरंच घाबरलो. "तुमची माणसं आहेत, त्यांचं बघा. असल्या गिऱ्हाइकाला कोण असं लिहितं? नंतर दुसरं काही काढता येईल, आत्ता—"

"इंग्रजी बरोबर हाय का?"

"आहे."

"पोचंल न्हवं? परत यायचा न्हाई न्हवं?"

"नाही. आता पोचेल."

त्यानं बटण दाबलं. आम्ही दोघंही स्क्रीनकडं बघत राहिलो. परतीचा मेल आला नाही. वाटणी झाल्यापासून शीतलनं हातानं लिहून जर्मनीला पाठवलेला हा पहिला मेल, जो सुखरूप पोचला. आणि त्यात त्यानं ऑर्डर नाकारली होती.

केलरबाईंनी सोमवारी सभ्य शब्दांत निरोप घेतला. मशिनिंगही गेलं. संक्रांतीनंतर भट्टी थंड पडली ती पडलीच. भट्टीवरची काही माणसं शीतलनं मशिनवर घेतली, बाकीची गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत गेली. शीतलला पुण्याची कामं मिळत राहिली, पण पहिल्यासारखं नाही. त्यानं केलं ते शहाणपण होतं की मूर्खपणा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. धंद्याचं म्हणाल तर सरळसरळ मूर्खपणा.

पण ते सगळं पुढचं. त्या शुक्रवारी मेल गेला त्याची प्रत अण्णांनाही गेली होती. शीतलनं मुद्दाम ठेवली होती. मी उठायच्या बेतात होतो तेवढ्यात अण्णा दारात. हमरस्त्यानं आलेले नव्हते. खिंडीतून ट्रॉलीच्या रुळावरून आले होते, पायजम्याला काळी वाळू लागली होती.

"येडा हाईस का रं?" ते म्हणाले. "अक्कल गहाण टाकलीस?"

शीतल उठून उभा राहिला. थोरला भाऊ दारात आला की उठायचं, एवढी सवय राहिली होती.

"कुणी सांगितलं होतं तुला? मी निरोप धाडला न्हवता? ह्या शिपुगडेंना विचार. माझी भट्टी गेली ती गेली, तुझं तरी—" अण्णा खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शीतल तसाच उभा. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो, दुसरं काय करणार.

जरा वेळानं अण्णांनी तोंडावरचे हात काढले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. डिसेंबरचं ऊन, लवकर उतरतं. ही जैन माणसं, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण खात नाहीत.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"सकाळधरनं?"

"चहा घेतला."

"आणि आता रातभर उपाशी बसणार व्हय? दिवस मावळायला आला. चल."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? घरी. तुझी वहिनी काय ताट फेकून मारणार हाय का तुला?"

शीतलनं कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले. साबण लावला तरी ऑइल जाईना, तसेच पुसले. अण्णा मला म्हणाले, "शिपुगडे, तुम्हीबी चला." मी म्हटलं, मी रात्री जेवतो, मला घाई नाही. त्यांनी आग्रह केला नाही.

दोघं खिंडीतून गेले. अण्णा पुढं, शीतल मागं, ट्रॉलीला वळसा घालून. ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर गेलं होतं, म्हणून भराभरा चालत होते.